परकोटाच्या आतले घर : डागडुजीची मुभा, नव्या बांधणीला मज्जाव

विशेष प्रतिनिधी, चंद्रपूर

चंद्रपूरच्या जुन्या शहरात घर विकत घेऊ इच्छिणाऱ्या माणसाला बाजारात सगळ्यात आधी जागेचा भाव सांगितला जातो. घर कोणत्या वॉर्डात आहे, गांधी चौकापासून किती अंतरावर आहे आणि गल्लीत चारचाकी शिरते की नाही, यावर तो भाव ठरतो. मात्र ज्या एका अंतरावर त्या घराचे पुढील पन्नास वर्षांचे भवितव्य अवलंबून असते, त्याचा उल्लेख या बोलण्यात क्वचितच येतो. ते अंतर असते गोंडकालीन परकोटापासूनचे. शंभर मीटरच्या आतील घराची डागडुजी करता येते, पण ते पाडून त्या जागी नवे घर उभारता येत नाही. हा केंद्रीय कायदा आहे आणि महापालिकेचा बांधकाम परवाना त्याला पर्याय ठरू शकत नाही.

जुन्या चंद्रपुरातील घरखरेदीचा प्रश्न त्यामुळे इतर शहरांच्या मध्यवस्तीतील घरखरेदीहून वेगळा आहे. पुण्याच्या पेठांत किंवा नागपूरच्या महालात जुना वाडा घेणारा बहुधा त्याखालच्या जमिनीचे पैसे मोजतो. वाडा आज ना उद्या पडणार आणि त्या जागी इमारत उभी राहणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. परकोटालगतच्या गल्लीत हे गृहीतकच लागू पडत नाही. तेथे जमीन दिसते, पण तिच्यावर नव्याने बांधण्याचा हक्क मिळत नाही. घेणाऱ्याच्या पदरात पडते ते उभे असलेले घर आणि ते उभे ठेवण्याची जबाबदारी.

चार दरवाजे, पाच खिडक्या

चंद्रपूरच्या स्थापनेचे श्रेय परंपरेने पंधराव्या शतकातील गोंडराजा खांडक्या बल्लाळशहा याला दिले जाते. परकोटाचे काम पुढील राजांच्या कारकिर्दीत पूर्णत्वास गेले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसाण या पाच खिडक्या. पश्चिमेला इरई आणि पूर्वेला झरपट नदी, अशी या नगराची रचना. परकोटाची लांबी सुमारे ११ किलोमीटर सांगितली जाते. १७५१ मध्ये चांदा नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेले, १८१८ मध्ये इंग्रजी फौजांनी किल्ला सर केला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये बाबुराव शेडमाके यांना चांद्याच्या कारागृहात फाशी देण्यात आली. सत्ता बदलत गेल्या, तरी परकोटाच्या आतली वस्ती मोडली नाही. चांद्याची नगरपालिका १८६७ ची आहे. १९६४ मध्ये ‘चांदा’चे ‘चंद्रपूर’ झाले आणि २०११ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. त्याच वर्षीच्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार होती.

ही वाढ मुख्यतः परकोटाबाहेर झाली. औष्णिक वीज केंद्र, कोळसा खाणी आणि औद्योगिक वसाहत यांच्या बळावर तुकूम, दुर्गापूर, ऊर्जानगर, बाबूपेठ, मूल रोड, नागपूर रोड आणि दाताळा मार्ग या दिशांनी शहर पसरत गेले. १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाल्यानंतरही शिक्षण, उपचार आणि बाजारहाटासाठी त्या जिल्ह्याची चंद्रपूरवरील भिस्त पूर्णपणे सुटली नाही. गोल बाजार आणि गांधी चौक मात्र आजही जुन्या शहरातच आहेत. जटपुरा गेट ते गांधी चौक हा पट्टा शहराच्या व्यापाराचा कणा आहे. ज्याला बाजार, शाळा, देऊळ, दवाखाना आणि नातेवाईक पायी गाठता यायला हवेत, त्याच्यासाठी भानापेठ, बालाजी वॉर्ड, विठ्ठल मंदिर वॉर्ड, घुटकाळा या वस्त्यांची ओढ स्वाभाविक आहे.

बाहेर राहण्याची किंमत

जुन्या शहराची ही ओढ केवळ स्मरणरंजनातून आलेली नाही. बाहेरच्या वस्त्यांनी गेल्या दोन दशकांत जे सोसले, त्याचाही तिच्यात वाटा आहे. चंद्रपूर हे वनवैभवाचे शहर, पण शहराच्या उत्तर टोकाला झुडपी जंगल थेट वस्तीला भिडते. फेब्रुवारी २०२२ मध्ये औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. त्या धक्क्यातून लोक सावरण्याआधीच शेजारच्या दुर्गापूर येथे बिबट्याने एका किशोरवयीन मुलाला ठार केले. अंधार पडल्यावर मुलांना अंगणात सोडू नये, ही सूचना तेथील रहिवाशांच्या दिनक्रमाचा भाग झाली. नव्या ले-आऊटमधील मोकळे अंगण आणि निवांत रस्ता जाहिरातीत आकर्षक दिसतो. प्रत्यक्षात पथदिवे, झाडोरा आणि वस्तीबाहेर साचणारा कचरा यांची व्यवस्था लागेपर्यंत हाच निवांतपणा जिवावर बेतू शकतो.

दुसरे संकट पुराचे. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत इरईचे पाणी बिनबा गेटबाहेरील रहमतनगरसारख्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले आणि अनेक कुटुंबांना घर सोडावे लागले. २००६ आणि २०१३ च्या पुरांचाही अनुभव शहराच्या गाठीशी आहे. इरईच्या पात्रालगत खाणींच्या मातीचे ढिगारे उभे राहिल्याने पात्र आक्रसले, ही पर्यावरण कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा, या दोन्ही रेषांना घर घेताना महत्त्व आहे. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते, तर दोन रेषांमधील पट्ट्यात निर्बंध असतात. जुन्या शहराचा बराचसा उंचावरील भाग यातून सुटतो. मात्र पठाणपुरा आणि बिनबा या दरवाजांच्या बाजूला, परकोटाच्या आत असो की बाहेर, पूररेषेचा नकाशा पाहिल्याशिवाय व्यवहार करणे धोक्याचे आहे.

तिसरा प्रश्न पायाखालच्या जमिनीचा. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुस येथील अमराई वॉर्डात एक अख्खे घर काही क्षणांत जमिनीत गडप झाले. खाली जुनी भूमिगत खाण होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली, पण आसपासची घरे रिकामी करावी लागली. चंद्रपूर शहराच्या दक्षिणेकडेही लालपेठ आणि महाकाली या जुन्या कोळसा खाणी आहेत. त्या बाजूला घर पाहणाऱ्याने भूमिगत खोदकामाची माहिती खाण प्रशासनाकडून लेखी मागवणे शहाणपणाचे ठरेल.

प्रदूषणातून मात्र जुन्या-नव्या कोणत्याही वस्तीची सुटका नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ मधील निर्देशांकात ८३.८८ गुणांसह चंद्रपूर देशात चौथ्या क्रमांकावर होते. उन्हाळ्यात पारा ४७-४८ अंशांवर जाणे शहराला नवीन नाही. या उन्हात जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब आणि कवेलूचे छप्पर यांचे मोल कळते. असे घर काँक्रीटच्या पेटीहून उशिरा तापते. पण मातीच्या भिंतीला दर पावसाळ्याआधी लिंपण आणि कवेलूला दरवर्षी फेरणी लागते. ती फेरणारे हात आता कमी झाले आहेत. घर टिकवायचे तर खर्च करायचा आणि खर्च झेपत नसेल तर पाडून बांधायचे, असा सर्वसाधारण मध्यमवर्गीय विचार असतो. या विचाराची दुसरी वाट परकोटालगत बंद होते.

शंभर आणि दोनशे मीटरचा हिशेब

चंद्रपूरचा परकोट आणि गोंडराजांच्या समाध्या ही केंद्रीय संरक्षित स्मारके आहेत. प्राचीन स्मारकांसंबंधीचा मूळ कायदा १९५८ चा. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाभोवतीच्या शंभर मीटरला प्रतिषिद्ध आणि त्यापुढील दोनशे मीटरला विनियमित क्षेत्र ठरवण्यात आले. २०१० च्या दुरुस्तीने या मर्यादा थेट कायद्यात आल्या आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची स्थापना झाली. हे अंतर भिंतीच्या पायापासून नव्हे, तर संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजले जाते. त्यामुळे घरमालकाने टेपने मोजलेले आणि पुरातत्त्व विभागाच्या नकाशावरचे अंतर जुळेलच असे नाही.

कायद्यातील तीन शब्द घर घेणाऱ्याने नीट समजून घ्यावेत. पहिला शब्द ‘बांधकाम’. त्यात नवी वास्तू आणि आहे त्या घरावर चढवलेला मजला किंवा बाजूला वाढवलेली खोली, हे सारे येते. दुसरा ‘पुनर्बांधणी’, म्हणजे जुन्या घराच्या जागी तेवढ्याच लांबी-रुंदीचे आणि उंचीचे घर उभारणे. तिसरा ‘दुरुस्ती व नूतनीकरण’, म्हणजे आहे त्या वास्तूतील फेरफार. शंभर मीटरच्या आत यांपैकी केवळ तिसऱ्याला वाव आहे. तोही १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या किंवा त्यानंतर पुरातत्त्व महासंचालकांच्या मान्यतेने बांधलेल्या वास्तूंनाच, आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज केल्यानंतर. पुढील दोनशे मीटरमध्ये बांधकाम, पुनर्बांधणी आणि दुरुस्ती तिन्ही शक्य आहेत, पण प्रत्येकासाठी परवानगी आवश्यक आहे. परवानगीविना बांधल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

एकाच मापाची, एकाच वयाची तीन कवेलूची घरे कल्पिली तर हा फरक स्पष्ट होतो. संरक्षित हद्दीपासून ऐंशी मीटरवरच्या घराची भिंत सावरता येईल, छप्पर बदलता येईल, पण वरचा मजला चढणार नाही आणि घर कोसळले तर त्या जागी नवे उभे राहणार नाही. एकशे चाळीस मीटरवरच्या घरमालकाला नवे घर बांधता येईल, परंतु त्याची उंची आणि स्वरूप यावर प्राधिकरणाची मोहोर लागेल. तीनशे वीस मीटरवरच्या घरमालकाला महापालिकेचे नियम पाळले की पुरे. ही तिन्ही घरे एकाच गल्लीत असू शकतात. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात मात्र दर ठरतो तो विभागानुसार. मुद्रांक शुल्क भरताना ऐंशी मीटरवरच्या घराचा मालक ज्या जमिनीवर पुन्हा बांधता येणार नाही, तिचेही मूल्य मोजतो.

या निर्बंधाचा आवाका एका सोप्या हिशेबाने लक्षात येतो. परकोटाच्या दर एक किलोमीटर लांबीमागे दोन्ही अंगांचे शंभर मीटर धरले तर वीस हेक्टर जमीन प्रतिषिद्ध पट्ट्यात येते. दोन्ही अंगांचे तीनशे मीटर धरले तर साठ हेक्टर. एखादे देऊळ किंवा लेणे संरक्षित असेल तर त्याभोवती मर्यादित वर्तुळ आखले जाते. येथे स्मारकच शहराला वेढून बसले आहे. त्यामुळे कायद्याचा पट्टाही शहराभोवती, आतून आणि बाहेरून, फिरतो.

भिंतीने दिले, भिंतीने अडवले

या निर्बंधांकडे केवळ जाच म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. परकोट आज ज्या स्थितीत उभा आहे, त्याचे श्रेय काही अंशी याच कायद्याला आहे. दगडचोरी, अतिक्रमण आणि झाडझुडपांनी खिळखिळी झालेली ही भिंत एकेकाळी शहराच्या पाठीमागची उकिरड्याची जागा झाली होती. मार्च २०१७ मध्ये बंडू धोतरे यांच्या ‘इको-प्रो’ संस्थेने परकोट स्वच्छतेची मोहीम हाती घेतली. शेकडो दिवस चाललेल्या या श्रमदानाचा उल्लेख पंतप्रधानांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये केला. बुरूज मोकळे झाले, फिरस्त्यांची पावले परकोटाकडे वळली. २०२१ मध्ये धोतरे यांनी रामाळा तलावाच्या प्रदूषणाविरोधात अन्नत्याग सत्याग्रह केला. गोंडकालीन हा तलाव आणि त्यालगतची बगड खिडकी हा जुन्या शहराचा मोकळा श्वास आहे. तो टिकला तर परकोटालगतच्या घराला खुला परिसर लाभतो. असा परिसर नव्या ले-आऊटमध्ये पैसे मोजूनही मिळत नाही.

पण त्याच भिंतीच्या मुळाशी राहणाऱ्या कुटुंबाच्या अडचणी वेगळ्या आहेत. मुलाचे लग्न झाले, खोली हवी. वडील थकले, तळमजल्यावर शौचालय हवे. पावसाळ्यात भिंतीला फुगारा आला, ती उतरवून विटांची बांधायची आहे. यातले काय दुरुस्तीत मोडते आणि काय बांधकामात, हे ठरवणे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे. अर्ज आता ऑनलाइन करता येतो. कायद्याने प्राधिकरणाला शिफारशीसाठी दोन महिन्यांची मुदतही घालून दिली आहे. परंतु नकाशे, मालकीची कागदपत्रे आणि वास्तू १९९२ पूर्वीची असल्याचा पुरावा गोळा करतानाच अनेकांची दमछाक होते. त्यापेक्षा रातोरात भिंत उभारण्याचा मार्ग काहींना सोपा वाटतो. असे घर नंतर विक्रीला निघते, तेव्हा त्या रात्रीच्या भिंतीचे ओझे नव्या मालकाच्या डोक्यावर येते. नोटीस त्याच्याच नावाने येते.

सर्वांत बिकट पेच धोकादायक घरांचा आहे. एखादे घर जीर्ण झाले तर ते उतरवण्याची नोटीस महापालिका देऊ शकते आणि जीवितरक्षणासाठी ती द्यावीच लागते. पण शंभर मीटरच्या आत एकदा घर उतरवले की दुरुस्ती करायला वास्तूच उरत नाही आणि पुनर्बांधणीला कायद्यात जागा नाही. एका कायद्याप्रमाणे घर पाडणे भाग आणि दुसऱ्याप्रमाणे पुन्हा उभारणे अशक्य, अशा कात्रीत तो घरमालक सापडतो. त्यामुळे पडायला आलेल्या घरातही माणसे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला ती बेफिकिरी वाटते. प्रत्यक्षात घर सोडले तर जागेचा उपयोगच संपेल, ही त्यामागची भीती असते.

कागदांची उतरंड

परकोटाचा प्रश्न नसला तरी जुन्या शहरातील घराचे कागद सरळ असतीलच असे नाही. बिल्डरच्या नव्या प्रकल्पाला २०१७ पासून महारेराची नोंदणी लागते. शंभर वर्षांच्या घराच्या फेरविक्रीला असा कोणताही नियामक नाही. तेथे खरेदीदाराची दक्षता हेच एकमेव संरक्षण.

पहिला कागद आखीव पत्रिका. विदर्भातील शहरांत जुन्या वस्तीची पुष्कळ जमीन नझूल, म्हणजे शासनाच्या मालकीची व पट्ट्याने दिलेली असते. विक्रेता ‘आजोबांपासून आमचेच घर’ म्हणतो तेव्हा ते खरे असते, पण घर त्याचे आणि जमीन सरकारची असू शकते. पट्ट्याची मुदत संपली आहे काय, नूतनीकरण झाले आहे काय, निवासी जागेत दुकान थाटून शर्तभंग झाला आहे काय, हे पाहावे लागते. नागपूर आणि अमरावती विभागांतील नझूल भूखंडधारकांना सवलतीच्या अधिमूल्यावर मालकी हक्क देण्यासाठी राज्य शासनाने २०२४ मध्ये मुदतीची विशेष अभय योजना आणली. घेत असलेल्या घराचे रूपांतर झाले आहे की नाही, यावर भावात मोठा फरक पडायला हवा.

दुसरा प्रश्न वारसांचा. जुन्या घराच्या आखीव पत्रिकेवर अनेकदा दोन पिढ्यांपूर्वीचे नाव असते. घर विकायला निघालेला भाऊ एक, पण हक्कदार सात-आठ. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क मिळाला. त्यासाठी त्या तारखेला वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या यातून वगळल्या आहेत. लग्न होऊन गडचिरोलीला, आरमोरीला किंवा अहेरीला गेलेल्या बहिणीची सही घेण्याची गरज नाही, ही समजूत त्यामुळे टिकणारी नाही. तिची सही किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर आज स्वस्तात मिळालेले घर उद्या न्यायालयात अडकू शकते.

एकाच भावाचा हिस्सा विकत घेणे तर आणखी जोखमीचे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ४४ व्या कलमानुसार राहत्या कुटुंबाच्या घरातील हिस्सा घेणाऱ्या परक्या माणसाला संयुक्त ताबा मागता येत नाही. त्याने वाटपाचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटप कायद्यानुसार कुटुंबातील हिस्सेदार न्यायालयाने ठरवलेल्या मूल्याने तो हिस्सा परत घेऊ शकतो.

तिसरा प्रश्न भाडेकरूंचा. विदर्भात १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश लागू होता. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम आला, पण जुन्या भाडेकरूंचे संरक्षण संपले नाही. मुख्य रस्त्यावरील घरांत खाली दुकान आणि वर निवास अशी रचना सर्रास आढळते. खालचा दुकानदार तीन पिढ्यांचा भाडेकरू असेल, तर घर घेणाऱ्याला तोही घरासोबत मिळतो. घर पाडून नवे बांधण्याच्या कारणावर ताबा मागण्याची तरतूद कायद्यात आहे. प्रतिषिद्ध पट्ट्यात नव्या बांधणीलाच मनाई असल्याने हे कारण पुढे करणे अवघड होते.

चौथी अडचण रस्त्याच्या रुंदीची. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीत वाढीव चटई क्षेत्राचे गणित रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे. नऊ मीटरहून अरुंद गल्लीत त्याचा लाभ जवळपास मिळत नाही. जटपुरा गेटवरची रोजची कोंडी शहराच्या अंगवळणी पडली आहे. संरक्षित दरवाजा रुंद करता येत नाही आणि लगत नवा मार्ग काढायचा तर पुन्हा तोच कायदा आडवा येतो. त्यामुळे जुन्या शहरात राहणाऱ्याने पायी चालण्याचा आनंद जरूर घ्यावा, पण चारचाकी कोठे उभी करणार, याचे उत्तर इसार देण्यापूर्वी शोधावे.

या साऱ्या गुंत्याला कंटाळून बाहेर जमीन घेणाऱ्यांनाही सावधगिरी सुटत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला महसूल अधिनियमाच्या ३६-अ कलमाखालील पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. शेतजमिनीचे तुकडे पाडून साध्या मुद्रांकावर विकले जाणारे ‘प्लॉट’ हा दोन्ही जिल्ह्यांतील जुना रोग आहे. बाहेर निर्बंध नाहीत असे नाही, ते वेगळे आहेत इतकेच.

हवा आहे तो नकाशा

शंभर मीटरची सरसकट मर्यादा सर्वत्र सारखीच असावी का, हा वाद देशपातळीवर जुना आहे. सार्वजनिक कामांना प्रतिषिद्ध क्षेत्रात मुभा देणारे विधेयक जानेवारी २०१८ मध्ये लोकसभेने संमत केले होते. राज्यसभेत ते निवड समितीकडे गेले आणि कायदा होऊ शकला नाही. २०२३ मध्ये संसदीय स्थायी समितीनेही या सरसकट अंतरांमुळे लोकांची गैरसोय होत असल्याचे नमूद करून फेरविचाराची गरज व्यक्त केली. पण चंद्रपूरच्या घरमालकाने दिल्लीतील दुरुस्तीची वाट पाहत बसावे, असे नाही. आहे त्याच कायद्यात एक मार्ग आहे. प्रत्येक संरक्षित स्मारकासाठी स्वतंत्र वारसा उपविधी तयार करावेत, असे २०१० ची दुरुस्ती सांगते. परकोटालगतच्या कोणत्या भागात किती उंची चालेल, दर्शनी भाग कसा असावा, मातीची भिंत विटांची करणे दुरुस्ती मानायचे की नाही, पडलेल्या घराच्या कुटुंबाचे काय करायचे, हे प्रश्न अशा उपविधींच्या निमित्ताने चर्चेला येऊ शकतात. त्या चर्चेत पुरातत्त्व विभागाइतकेच परकोटाशेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांचेही म्हणणे ऐकले गेले पाहिजे.

त्याहून सोपे आणि तातडीचे काम महापालिका व भूमी अभिलेख खात्याच्या हाती आहे. प्रत्येक नगर भूमापन क्रमांक संरक्षित हद्दीपासून किती अंतरावर आहे, याची नोंद आखीव पत्रिकेवर आली पाहिजे. पूररेषेची आणि नझूल शर्तींची नोंदही तेथेच असावी. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात खरेदीखत नोंदताना ती नोंद दोन्ही पक्षांच्या नजरेखालून गेली, तर निम्मे तंटे उद्भवण्यापूर्वीच मिटतील. मूल्यदर तक्त्यात प्रतिषिद्ध पट्ट्यासाठी वेगळा दर ठरवणे हीसुद्धा अवास्तव मागणी नाही. ज्या घरमालकावर राष्ट्रीय वारशासाठी निर्बंध आले, त्याला करात आणि दुरुस्तीच्या खर्चात काही सवलत मिळणे न्यायाचेच ठरेल.

तोपर्यंत घेणाऱ्याने आपला हिशेब आपणच मांडायचा आहे. परकोटालगतचे घर ज्याला आहे त्या रूपात आवडते, ज्याची गरज आहे तेवढ्याच खोल्यांत भागते आणि दुरुस्तीचा खर्च दरवर्षी बाजूला काढण्याची ज्याची तयारी आहे, त्याच्यासाठी ते चंद्रपुरातील उत्तम घर ठरू शकते. दहा वर्षांनी तेथे तीन मजले चढवून भाड्यावर निवृत्तीचे दिवस काढण्याचा ज्याचा विचार आहे, त्याने त्या गल्लीच्या वाटेला जाऊ नये. विक्रेत्यानेही घर विकताना जमिनीच्या भावाचे स्वप्न विकू नये. परकोटाच्या आतले घर घरासारखे विकले आणि घेतले गेले, तरच ते राहते राहील. मोकळ्या भूखंडाच्या आशेने होणाऱ्या व्यवहारांनी ते ओस पडेल आणि माणसांविना उरलेल्या परकोटाची राखण करायला शेजारीच उरणार नाही.